उधाणाला उठतो, भांगाला बसतो

चिकणमातीचा १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण संथ पाण्यात सोडला, तर तो दिवसभरात जेमतेम ८ सेंटिमीटर खाली उतरतो. १० मीटर खोल तळ गाठायला त्याला चार महिने लागावेत. खाडीतलं पाणी तर संथ नसतंच. दर सहा तासांनी भरती-ओहोटी त्याची दिशा पालटत असते. या हिशेबाने ठाण्याच्या खाडीत, धरमतरला, गोव्याच्या मांडवी-झुआरीत गाळ बसायलाच नको. नदीने आणलेली बारीक माती तरंगत तरंगत थेट भर समुद्रात निघून जायला हवी. प्रत्यक्षात ओहोटीच्या वेळी वाशीच्या पुलावरून जाताना दोन्ही अंगांना चिखलच चिखल उघडा पडलेला दिसतो, पाऊल टाकलं तर मांडीपर्यंत रुतेल असा.

हा चिखल बसतो तो मिठामुळे. मातीच्या कणांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर ढकलत सुटे राहतात. पाण्यात मीठ आलं की त्यातले धनभारित आयन कणांभोवती गर्दी करतात, त्या भाराचा पल्ला आखडतो आणि जवळ आलेले कण एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवल्यावर जे होतं, तेच इथे समुद्र करतो. समुद्राच्या दर किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. कण एकत्र बांधायला त्यातले दोन-तीन ग्रॅमही पुरतात. म्हणून नदी खाडीला मिळते तिथेच, पाणी जिभेला जेमतेम खारट लागेल त्या टप्प्यावरच, कणांचे पुंजके बनू लागतात. सूक्ष्म शैवालं आणि जिवाणू सोडतात तो चिकट पदार्थ त्यांना आणखी घट्ट धरतो. असा पुंजका अर्ध्या-एक मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि सेकंदाला १ मिलिमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. चार महिन्यांचं काम तीन तासांत होतं.

शाळेच्या भूगोलात गाळाची हकीकत इथवरच येते. नदी गाळ आणते, गाळ बसतो, थरावर थर चढतात. तेवढ्यावर विसंबून बंदरं बांधली आणि भराव घातले तर पैसे पाण्यात जातात. गाळात जातात म्हणणं जास्त बरोबर. कारण बसलेला गाळ बसून राहत नाही. आपल्याकडच्या गढूळ खाड्यांत आज तळावर दिसणारा बहुतेक चिखल यंदाच्या पावसाने आणलेला नसतो. तो जुनाच असतो, असंख्य वेळा उठून पुन्हा बसलेला. नदी दरवर्षी त्यात थोडी भर घालते, एवढंच.

तळावर नुकत्याच टेकलेल्या गाळात मातीपेक्षा पाणीच कितीतरी जास्त असतं. तासाभरापूर्वी बसलेला थर हलक्या प्रवाहानेही उचलला जातो. पण त्याला उसंत मिळाली, तर वरच्या थराच्या वजनाने आतलं पाणी पिळून निघतं, कण आवळले जातात आणि आठवडाभर निवांत पडलेल्या गाळाला हलवायला अनेक पट जोर लागतो. स्वीडनच्या फिलिप यूलस्ट्रॉम यांनी १९३५ साली उप्सालाजवळच्या फ्यूरिस नदीच्या अभ्यासातून एक आलेख मांडला. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवतात. त्यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की घट्ट बसलेली चिकणमाती उचलायला वाळूपेक्षाही वेगवान प्रवाह लागतो. मात्र एकदा का ती उचलली गेली, की अगदी मंद पाण्यातही ती तरंगत राहते. वाळूचं सगळं कणाच्या आकारावर ठरतं. गाळाच्या बाबतीत त्याचं वयही विचारावं लागतं. शेवटचा धक्का बसून किती तास, किती दिवस झाले?

हे वय ठरवतो चंद्र. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, तो दोन मीटरच्या आतबाहेर असतो. सहा तास तेवढेच, पण उधाणाला खाडीच्या तोंडातून दुपटीहून जास्त पाणी आत-बाहेर करतं. वेग त्या प्रमाणात वाढतो, आणि प्रवाहाची तळावरची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, तर ओढ चौपट. त्यामुळे भांगाच्या चार-पाच दिवसांत गाळ बसतो, थोडा घट्ट होतो. उधाण आलं की वरचे थर सोलले जाऊन पुन्हा पाण्यात मिसळतात. कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. बोंबील आणि जवळ्यासाठी डोल जाळी लावतात ती खुंटाला बांधून, प्रवाहाच्या तोंडाशी. ती भरायला उधाणाचीच ओढ लागते, आणि त्या दिवसांत पाणी गढूळ असणार हे गृहीतच असतं.

उठणं-बसणं सारखंच चाललं असेल, तर गाळ कुठेच सरकू नये. पण तो सरकतो, आणि पुष्कळदा समुद्राकडे न जाता आत, खाडीच्या माथ्याकडे सरकतो. याचं एक उत्तर नेदरलँड्सच्या वाडेन समुद्रात सापडलं. १९५० च्या दशकात व्हान स्ट्रातेन, क्यूनेन आणि पोस्टमा या डच संशोधकांना पडलेला प्रश्न असा होता: समुद्रात गाळ कमी आणि आतल्या उथळ भागात जास्त, तरीही गाळ आतच कसा जातो? त्यांचं उत्तर विलंबात होतं. भरतीचा वेग ओसरू लागतो तेव्हा कण खाली यायला सुरुवात करतो, पण तळाला लागेपर्यंत पाणी त्याला आणखी थोडं आत नेऊन सोडतं. ओहोटी लागते तेव्हा पाणी आधी हळू वाहतं. टेकलेला कण उचलण्याएवढा वेग येईपर्यंत त्याला आणणारं पाणी निघून गेलेलं असतं. मग जे पाणी त्याला उचलतं ते आणखी आतून आलेलं असतं आणि त्याला पूर्वीच्या जागेपर्यंत बाहेर नेत नाही. प्रत्येक फेरीत कण थोडासा आत राहतो. दिवसाला दोन भरत्या, वर्षाला सातशेच्या वर. त्यात उथळ खाड्यांमध्ये भरती पुष्कळदा झटपट चढते आणि ओहोटी रेंगाळते. अशा वेळी आत येणारं पाणी बाहेर जाणाऱ्यापेक्षा वेगवान असतं आणि गाळाचं पारडं आतल्या बाजूला आणखी झुकतं.

दुसरं उत्तर पाण्याच्या वजनात आहे. नदीचं गोडं पाणी हलकं, ते वरून समुद्राकडे जातं. खारं पाणी जड, ते तळाशी आत घुसतं. वर तरंगत निघालेला गाळ पुंजके होऊन खाली पडला, की तो या उलट्या प्रवाहाच्या तावडीत सापडतो आणि परत आत येतो. दोन्ही प्रवाह जिथे भेटतात तिथे पाणी वरच्या नदीपेक्षाही आणि खालच्या समुद्रापेक्षाही गढूळ असतं. फ्रान्समध्ये बोर्दोजवळच्या जिरोंद खाडीत हा पट्टा संशोधक ग्लांजो यांनी १९३८ मध्ये नोंदवला होता.

गोव्यात हा खेळ ऋतूंप्रमाणे बदलतो, म्हणून तो मला जिरोंदपेक्षा जास्त रंजक वाटतो. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवतो. जून ते सप्टेंबरमध्ये सह्याद्रीचं पाणी एवढ्या जोराने येतं की खारं पाणी मुखाकडे रेटलं जातं आणि खाडी जवळजवळ नदीच होते. दसरा-दिवाळीनंतर नदी आटत जाते, तसतसं मीठ पुन्हा आत चढतं आणि मे महिन्यापर्यंत पार वर पोहोचतं. मिठाची सीमा सरकते तसा गाळ बसण्याचा पट्टाही सरकतो. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी आणि झुआरी दोन्हींत असे गढूळ पट्टे मोजले आहेत. या नद्यांतून अनेक दशकं लोहखनिजाच्या बार्जेस गेल्या. खनिजाची पूड तळाच्या गाळात मिसळली. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या म्हणून ती पूड तळातून नाहीशी झाली नाही. उठणाऱ्या-बसणाऱ्या गाळाबरोबर तीही फेऱ्या मारत राहते, आणि खाणीवर कुलूप घातल्याने ते थांबत नाही.

भांगाच्या दिवसांत किंवा पुराच्या शेवटी गाळ इतक्या झपाट्याने खाली येतो की त्याला घट्ट व्हायला सवड मिळत नाही. मग तळावर ना पाणी ना माती, असा एक दाट रबडा साचतो: लिटरमागे दहा ग्रॅमपासून शेकडो ग्रॅमपर्यंत माती, आणि तरीही वाहता. अ‍ॅमेझॉनच्या मुखाबाहेर असे कित्येक मीटर जाडीचे थर सापडले आहेत. बंदराच्या माणसांसाठी हा रबडा मोठी डोकेदुखी आहे. खोली मोजणाऱ्या यंत्राचा २१० किलोहर्ट्झचा ध्वनी रबड्याच्या वरच्या पृष्ठावरून परत येतो, ३३ किलोहर्ट्झचा त्यातून आरपार जाऊन खालच्या घट्ट थरावर आदळतो. दोन्ही वाचनांत कधी मीटरभराचा फरक पडतो. मग तळ कुठला मानायचा? रॉटरडॅम बंदराने १९७० च्या दशकात व्यवहारी तोडगा काढला: गाळाची घनता पाण्याच्या १.२ पट होईल ती पातळी म्हणजे तळ. त्याहून पातळ रबड्यातून जहाजाने खुशाल जावं. विनाकारण होणारा उपसा त्यामुळे वाचला. ही कल्पना मला अभियांत्रिकीतल्या शहाण्या कल्पनांपैकी एक वाटते, कारण तिने गाळाशी भांडण न उकरता त्याचा स्वभाव मान्य केला.

हाच रबडा केरळात माणसाच्या कामी येतो. आलप्पुळाच्या किनाऱ्यासमोर पावसाळ्यात समुद्र खवळलेला असताना मधेच काही भाग शांत दिसतो. तिथले लोक त्याला चाकर म्हणतात. नैर्ऋत्य मोसमी लाटा उथळ तळावरचा जुना चिखल ढवळून सैल करतात. सैल झालेला चिखल लाटेची ऊर्जा स्वतःच्या हेलकाव्यात जिरवतो, त्यामुळे लाट किनाऱ्याला पोहोचण्याआधीच निमते. इतरत्र होड्या ओढून ठेवलेल्या असताना या पट्ट्यात मासेमारी चालू राहते, आणि मासेही मुबलक मिळतात. चाकर बनायला नवा गाळ घेऊन येणारी मोठी नदी शेजारी असावीच लागते असं नाही. चिखल तिथलाच असतो. पावसाळ्यात उठतो, नंतर पुन्हा घट्ट होतो. दक्षिण अमेरिकेत अ‍ॅमेझॉनचा चिखल मात्र जागा सोडतो. मोठमोठे चिखलपट्टे फ्रेंच गयाना, सुरीनाम, गयानाच्या किनाऱ्याने सुमारे १,५०० किलोमीटर चालत जातात, वर्षाला एखाद-दोन किलोमीटर किंवा थोडं जास्त. पट्टा समोर असेल तोवर किनाऱ्यावर कांदळवन वाढतं. तो पुढे सरकला की लाटा तेच कांदळवन उपटून काढतात.

लाटा किती खोल तळ ढवळू शकतात, याचा हिशेब सोपा आहे. भर समुद्रात १० सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर असते आणि तिची हालचाल लांबीच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ७८ मीटरपर्यंत कशीबशी पोहोचते. २०-३० मीटर खोलीवर ती चांगलीच जोरदार असते. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर बारीक गाळाचा पट्टा साधारण ५०-६० मीटर खोलीपर्यंत आहे. त्यापलीकडे भूखंडमंचावर वाळू आणि शिंपल्यांचा चुरा. ही वाळू आजची नव्हे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटर खाली होती, तेव्हाच्या आणि त्यानंतर वर सरकत आलेल्या किनाऱ्यांचे ते अवशेष. म्हणजे हजारो वर्षं नद्या माती आणताहेत, तरी ती माती किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात घुटमळते आहे. गाळ किनारा सोडून खोल पाण्यात जातो तरी कसा, हे कॅलिफोर्नियाच्या ईल नदीसमोर उलगडलं. जानेवारी १९९५ च्या पुराचा चिखल संशोधकांनी शोधला, तर तो मुखाशी न सापडता ५०-७० मीटर खोलीवर सापडला. पुढे पीटर ट्रायकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी तळावर उपकरणं ठेवून पाहिलं, तेव्हा वादळी लाटांनी उचललेला गाळ अवघ्या १० सेंटिमीटरच्या दाट थरात अडकून स्वतःच्या वजनाने उतारावरून खाली घरंगळताना दिसला. लाटा थांबल्या की थरही थांबतो. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीही कळत नाही.

पाणी ढवळतं, तसे जीवही ढवळतात. गांडुळं जमीन कशी उलथतात यावर चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये पुस्तक लिहिलं; समुद्रतळावर तेच काम असंख्य कृमी, खेकडे, कोळंब्या आणि शिंपल्या करतात. जगभरच्या मोजणीत या जिवांनी घुसळलेल्या थराची जाडी सरासरी १० सेंटिमीटरच्या आसपास भरते. ठाणे-रायगडच्या चिखलात बिळं करून राहणारी आणि आगरी-कोळ्यांच्या ताटात येणारी निवटीही त्यातलीच. बिळं तळाला भुसभुशीत करतात, पण काही जीव उलटही वागतात. चिखल खाऊन ते लेंड्या टाकतात, त्या वाळूच्या कणाएवढ्या होतात आणि सहज उडत नाहीत. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर डायटम आणि इतर सूक्ष्म शैवालं सोनेरी-तपकिरी साय धरतात. त्यांच्या चिकट स्रावाने गाळ बांधला जातो. ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखलातून गाळून घेतात ते हेच सूक्ष्म जीव. २०१५ साली अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळालेली ही जागा पक्ष्यांच्या भरवशाची राहायची, तर या सायीला ऊन आणि उसंत दोन्ही मिळायला हवेत.

एवढी उलथापालथ चालू असताना तळाच्या थरांतून इतिहास वाचणं अवघड होऊन बसतं. भूवैज्ञानिक नळी खुपसून गाळाचा गाभा काढतात आणि किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून वय ठरवतात. बेरिलियम-७ ची अर्धायू ५३ दिवस, शिसे-२१० ची सुमारे २२ वर्षं. पहिलं सापडलं तर गाळ गेल्या काही महिन्यांतच वर येऊन हवेतून उतरलेल्या कणांना भेटला आहे. दुसऱ्याचं प्रमाण वरपासून काही सेंटिमीटरपर्यंत सारखंच असेल, तर तेवढा थर ढवळला गेला आहे. किनाऱ्यालगत असा सारखा झालेला भाग पुष्कळदा मिळतो. एका वादळाने दहा वर्षांची पानं फाडलेली असतात आणि कुणीतरी त्यांचा लगदा करून पुन्हा पसरलेला असतो.

यातून दोन गंभीर गोष्टी निघतात. पारा, शिसं, कॅडमियम असे जड धातू बारीक मातीला चिकटून राहतात. कारखान्याने सांडपाणी सोडणं थांबवलं, तरी काही वर्षांपूर्वी गाडला गेलेला धातू उधाणाच्या किंवा वादळाच्या धक्क्याने पुन्हा पाण्यात येऊ शकतो. ठाणे-बेलापूरसारख्या जुन्या औद्योगिक पट्ट्याशेजारच्या खाडीला हे लागू आहे. दुसरी गोष्ट कार्बनची. समुद्रतळावर गाडलं गेलेलं सेंद्रिय द्रव्य कायमचं बाजूला पडलं असं धरून कार्बनचे हिशेब मांडले जातात. पण अ‍ॅमेझॉन आणि पापुआ न्यू गिनीसमोरच्या चिखलाचा अभ्यास करणाऱ्या रॉबर्ट अ‍ॅलर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की सतत उठणारा-बसणारा चिखल ही रासायनिक भट्टीच असते. प्रत्येक वेळी वर आला की त्याला ताजा प्राणवायू मिळतो, जिवाणूंना नवं खाद्य मिळतं आणि सेंद्रिय कार्बन जळून जातो. तळ जितका अस्वस्थ, तितका कार्बन कमी टिकतो. तळ ओरबाडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यांबद्दल म्हणूनच काळजी वाटते. १ जून ते ३१ जुलै आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि गंमत अशी की नेमकं तेव्हाच ढवळण्याचं काम मोसमी लाटा हाती घेतात. फरक एवढाच, की लाटा उथळ पट्ट्यात थांबतात. जाळी त्याहून खोल जातात, आणि जिथे निसर्गाने तळाला निवांतपणा दिला होता तोच मोडतात.

राहिला उपशाचा प्रश्न. मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा येथे जहाजांचे मार्ग खोल ठेवायला गाळ सतत काढावा लागतो. खणलेला मार्ग म्हणजे तळातला खड्डा. तिथे प्रवाह मंदावतो आणि आजूबाजूचा फिरता गाळ आयताच येऊन पडतो. काढलेला गाळ समुद्रात कुठे टाकायचा हेही तितकंच महत्त्वाचं, कारण चुकीच्या जागी टाकला तर पुढच्या भरत्या त्याला घरी परत आणतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, जे १९१६ पासून चालू आहे, अशा जागा ठरवायला भरती-ओहोटीची प्रारूपं चालवून पाहतात.

सर्वांत मोठं नुकसान मात्र उपशाने होत नाही, भरावाने होतं. खाडीचं तोंड स्वच्छ ठेवतं ते दर भरतीला आत शिरून दर ओहोटीला बाहेर पडणारं पाणी. कांदळवन तोडून, खाजणं बुजवून, पुलांचे पोहोच-भराव घालून आतली जागा कमी केली की तेवढं पाणी आत येतच नाही. ओहोटीची ओढ कमी होते, गाळाला उसंत मिळते, तो घट्ट होतो आणि मग उधाणालाही उठत नाही. माहीमच्या उपसागरापासून ठाण्याच्या माथ्यापर्यंत खाड्या उथळ होताना दिसतात, त्याचं खापर निव्वळ नद्यांच्या माथी फोडणं हा सोयीचा निष्कर्ष आहे.

पालघरच्या वाढवणसारखी नवी बंदरं येत आहेत, खाड्यांवर पूल आणि किनाऱ्यावर रस्ते होत आहेत. अशा प्रकल्पाची जनसुनावणी तुमच्या भागात होईल तेव्हा अहवालातलं एक पान जरूर उघडून पाहा: तळालगतच्या गाळाची मोजणी एका पूर्ण उधाण-भांगाच्या चक्रात केली आहे का, आणि ती पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा अशी दोनदा केली आहे का. नसेल, तर तो प्रश्न लेखी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.